आधी टेप, मग काटा

बेळगावच्या वडगावात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. गिऱ्हाइकांची मापं मी वहीत लिहून ठेवते, जुन्या वह्या टाकत नाही. एकाच बाईची दहा-बारा वर्षांची मापं ओळीने बघितली की सगळं कळतं: कंबर २९, मग ३१, मग ३४, मग ३७. "अक्का, यंदा जरा सैल धरा की," असं म्हणत लाजत हसणाऱ्या बायकांना मी कधी काही बोलले नाही. शिवणीत माया जास्त सोडायची, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून वाढवता येतं. धंद्याची रीतच ती.

स्वतःचं माप मात्र कधी त्या वहीत लिहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी चक्कर आली म्हणून रक्त तपासलं, तर उपाशीपोटी साखर ११४ निघाली. १०० ते १२५ म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर पाय. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ७६ किलो. पुढच्या चौदा महिन्यांत मी ६७ वर आले, साखर ९६ झाली. बारीक झालेय असं कुणी म्हणणार नाही, आणि तक्त्याप्रमाणे मी अजून 'लठ्ठ'च्या रकान्यातच आहे. पण डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आहे त्या वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरलं तरी साखर, रक्तदाब, गुडघे सगळ्यांना फरक पडतो. ७६ च्या हिशेबाने ते चार ते साडेसात किलो. एवढं तर कुणालाही जमावं. मला आहारतज्ज्ञ बाईंनी जे शिकवलं आणि मी चुकत-माकत जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते.

माप कसं घ्यायचं

ब्लाऊजची कंबर आणि डॉक्टरांची कंबर वेगळी. शेवटच्या बरगडीचं टोक आणि कमरेचं हाड हाताने चाचपा, त्या दोहोंच्या बरोबर मध्ये टेप लावा. साडी-परकराच्या नाडीवर नाही, थेट अंगावर. श्वास सोडून झाल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही. दुकानात येणाऱ्या दहातल्या आठ जणी माझ्यासमोरसुद्धा ओढतात!

बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची ९० च्या आत असावी, हा आपल्या भारतीयांसाठीचा आकडा आहे. इंचात साधारण साडेएकतीस आणि साडेपस्तीस. हे लक्षात राहत नसेल तर उंचीइतका दोरा घ्या, मधोमध दुमडा आणि कमरेभोवती धरा. टोकं जुळली नाहीत तर कामाला लागा. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे अशी शरीरं आपल्याकडे घरोघरी आहेत. काटा त्यांना 'ठीक' म्हणतो, टेप म्हणत नाही. पोटातली चरबी यकृत आणि आतड्यांभोवती साठते आणि साखर बिघडवायला तीच पुढे असते, म्हणून आधी टेप.

मग काटा. वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. माझं ७६ भागिले १.५४, पुन्हा भागिले १.५४, म्हणजे ३२. भारतीयांसाठी १८.५ ते २२.९ ठीक, २३ पासून जास्त, २५ पासून लठ्ठपणा धरतात. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर. रोज करू नका. पाणी, मीठ, पाळी यांनी किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं आणि माणूस उगाच खचतो.

सुरुवातीलाच साखर, थायरॉइड आणि रक्तदाब तपासून घ्या. तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात, आशाताईंना विचारा. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना न सांगता खाणं कमी करू नये, साखर एकदम खाली जाते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हे वाचून वजन उतरवायला जाऊ नये. मुलांचे तक्ते निराळे असतात, त्यांना यात ओढू नका.

किराण्याची यादी काढा

आता जे सांगते ते मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. ताटाला हात लावण्याआधी गेल्या तीन महिन्यांची किराण्याची यादी घेऊन बसा. कोण किती खातं यावर घरात भांडणं होतात. पण महिन्याला किती डबे संपले यावर भांडायला काही उरत नाही.

आमच्या घरात पाच माणसं. महिन्याला तेल लागायचं ७ लिटर, साखर ६ किलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरीचं जे ताट सुचवलं आहे, त्यात तेल-तूप-लोणी मिळून माणशी दिवसाला २७ ग्रॅम धरलंय. पाच माणसं, तीस दिवस, म्हणजे चार किलोच्या आसपास, साडेचार लिटरच्या आत. आमच्या ७ लिटरांत लोणी-तूप तर धरलेलंच नव्हतं. साखरेचं जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर माणशी दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. तेच गणित केलं तर महिन्याला पावणेचार किलो, आणि त्यात बिस्किटं, मिठाई, गूळ सगळं आलं.

तेल कमी करायचं म्हणजे एकदम उकडलेलं खायला लागायचं नाही, चार दिवसांत घर बंड करतं. मी केलं ते असं: मोठा डबा माळ्यावर ठेवला आणि आठवड्याला एक लिटरची बाटली भरून ओट्यावर ठेवली. शनिवारपर्यंत ती पुरवायची. मग आपोआप फोडणी चमच्याने पडायला लागते. लहान चमचा तेल म्हणजे ४५ कॅलरी, मोठा म्हणजे १३५. ओतताना धार किती वेळ सोडली यावर आमच्या भाजीत तीनशे-चारशेचा फरक पडत होता. आणखी दोन जागा बघा. शेंगाच्या चटणीवर जे वरून कच्चं तेल ओततो ते, आणि तळणाचं उरलेलं तेल 'वाया जायला नको' म्हणून आमटीत जातं ते.

साखरेत चहा. आमच्या भागात संकेश्वर, चिकोडी, अथणीकडे नुसता ऊस, साखर आणि गूळ घरचाच असल्यासारखा वाटतो, आणि चहा गोड नसला तर पाव्हण्याला वाटतं घरात काहीतरी बिनसलंय. दोन चमचे साखरेचा दुधाळ कप म्हणजे ७० ते ८० कॅलरी. दुकानात गिऱ्हाइकाबरोबर घोट-घोट करत मी दिवसाला सहा पीत होते. मोजले नव्हते, काचेच्या ग्लासात एकेक बटण टाकत गेले तेव्हा कळलं. एकदम बिनसाखरेचा करू नका. दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करा, जिभेला पत्ता लागत नाही. तीन महिन्यांत मी अर्ध्या चमच्यावर आले आणि कप तीन. गुळाचा चहा घेतला म्हणून सुटका होत नाही, गूळ आणि साखर कॅलरीला सख्ख्या बहिणी.

तेल साडेचार लिटर आणि साखर अडीच किलो झाल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी हिशेब मांडून दाखवला: माणशी दिवसाला सव्वादोनशेच्या वर कॅलरी वाचत होत्या. भाकरी कुणाची कमी झाली नव्हती आणि कुणी उपाशी उठलं नव्हतं. आमच्या ह्यांचं वजन काही न करता तीन किलो उतरलं, त्याचं श्रेय त्यांनी स्वतःलाच घेतलं ते सोडा.

भाकरीचा काय गुन्हा

वजन उतरवायचं म्हटलं की इथे पहिल्यांदा भाकरी सोडतात. मला हे कधी समजलं नाही. शाळूच्या ५० ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे साधारण १७० कॅलरी. ५० ग्रॅम तांदळाचा एक वाटी भात म्हणजे जवळजवळ तेवढ्याच. पण भाकरी चावावी लागते, तंतू जास्त असतात, पोट भरल्याचं वेळेत कळतं. भाताच्या एका वाटीवर आमच्याकडे कुणी थांबलेलं मी पाहिलं नाही. बासमतीचा वास घरभर सुटला की दुसरी वाटी आलीच, आणि आमटी पातळ असली की तिसरी. २०१३ पासून कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य योजनेचा तांदूळ घरात येतो, त्याने गरिबाची चूल पेटती ठेवली हे खरंच. पण फुकट आहे म्हणून दोन्ही वेळचा भात झाला आणि शाळू मागे पडला, हे मी आजूबाजूला बघते. भात सोडू नका. एकाच वेळेला, वाटीने मोजून घ्या. एका भाकरीचं कोरडं पीठ एकदा तरी वजनकाट्यावर ठेवून बघा. माझं ८५ ग्रॅम निघालं होतं, आणि मी म्हणत होते, 'मी दोनच खाते'.

ताटाची मांडणी अशी: अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पावभागात भाकरी किंवा भात, उरलेल्या पावभागात डाळ, उसळ, अंडं, मासे, चिकन. पोषण संस्थेच्या ताटात माणशी ४०० ग्रॅम भाजी आहे. पाच माणसांच्या घरी रोज दोन किलो! आमच्याकडे पाऊण किलोत भागत होतं, उरलेली जागा भाताने भरायची.

दोन किलो भाजी महाग पडते असं वाटेल. आपल्याकडच्या स्वस्त भाज्या घ्या. पुंडी पल्ले, म्हणजे अंबाडी, मेथी, राजगिरा, शेपू, दोडका, घेवडा. भाकरीबरोबर कच्ची मेथी, कांद्याची पात आणि मुळा खायची आपल्याकडची पद्धत कुठल्याही सॅलडला भारी आहे, ती फक्त शेतावर जेवतानाच का आठवावी? हिरवा पाला मिठाच्या पाण्यात नीट धुऊन घ्या एवढंच.

प्रोटीनकडे बायकांचं अजिबात लक्ष नसतं. शरीराच्या दर किलोमागे दिवसाला एक ग्रॅमच्या आसपास हवं. वजन उतरताना ते कमी पडलं तर चरबीबरोबर मांसही झिजतं, मग थकवा येतो आणि वजन परत चढतं. अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, कोरड्या डाळीत ७ ग्रॅम. हुलगा आपला, स्वस्त, डाळींच्या तोडीचा. आठवड्यातून दोनदा रात्री हुलग्याचं माडगं आणि भाजी करा, गूळ न घालता, लसूण-जिऱ्याचं. खानापूरकडची नाचणी मिळाली तर ताक-मिठाची आंबील सकाळी अकराला घ्या. त्या वेळेला बिस्किटाचा पुडा फुटतो, तो वाचतो. मटकी, अलसंदे म्हणजे चवळी, पावटा मोड आणून. शेंगदाणे चांगलेच, पण मूठभर म्हणजे १६०-१७० कॅलरी. मशीनवर बसून वाटीने खाऊ नयेत.

रोजच्या कॅलरी मोजत बसायची गरज नाही असं माझं मत आहे. पण स्वतःच्या मनाने १२०० च्या खाली जाऊ नका. पित्ताशयात खडे होणं, केस गळणं, पाळी चुकणं, हे झटपट उतरवण्याचे परिणाम. मी सुरुवातीला जे केलं ते सांगते. एका ओळखीच्या बाईने डब्यातली पावडर दिली, सकाळ-रात्र तीच प्यायची. महिन्यात साडेचार किलो उतरले आणि पावडर थांबवल्यावर दोन महिन्यांत पाच चढले. पैसे गेले ते गेलेच.

जत्रा, लग्न आणि कुंदा

गावची जत्रा असली की मटण हे होणारच, आणि व्हावं. एका दिवसाच्या जेवणाने कुणी जाडं होत नाही. घात होतो पुढच्या तीन दिवसांत, उरलेला रस्सा, पाव्हण्यांचे डबे, 'टाकायचं कसं' म्हणून. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी उरलेलं वाटून टाका, आणि सकाळी आंबील, संध्याकाळी भाजी-भाकरी. रस्सा वाढताना तवंग बाजूला सारून घ्या, मटणाच्या चार फोडी आणि बाजूला कांदा-लिंबू भरपूर.

बेळगावात राहून कुंदा खाऊ नका असं मी म्हटलं तर मला गावाबाहेर काढतील. दूध-खवा आटवून साखर घातलेला पदार्थ तो, चमच्याने खाण्याचा. पुण्याला जाणाऱ्यांसाठी किलो घेताना स्वतःच्या घरासाठी पाव किलो घ्या आणि त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून संपवा. फ्रीजमध्ये ठेवलेला कुंदा रात्री अकरा वाजता हाक मारतो. गोकाकचा करदंट 'पौष्टिक' म्हणून बाळंतिणीला देतात, त्यात डिंक, सुकामेवा आहेच, पण गूळ-तूपही तेवढंच. छोटा तुकडा.

उपवासाचं न बोललेलं बरं. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, शेंगदाण्याचं कूट आणि तूप; माझ्या एकादशीला इतर दिवसांपेक्षा जास्त कॅलरी जात होत्या. ताक, फळं, राजगिऱ्याची भाजी, भगर थोडी, असा धरला तर उपवास, नाहीतर सणच.

एळ्ळ अमावस्येच्या सणाला शेतात जेवायला जातो तेव्हा बाजरीची भाकरी, भाज्या, शेंगाची पोळी सगळं असतं. तिथे मी काही मोजत नाही. जाता-येता चालते फक्त.

चालणं

अर्धा तास झपझप चालल्यावर साधारण १३० कॅलरी जातात, दोन कप चहाएवढ्या. म्हणून 'मी चालते, मला काही होत नाही' हे खरं नाही. चालण्याने वजन थोडं उतरतं, पण उतरलेलं टिकतं, साखर सुधारते, झोप लागते. आठवड्याला निदान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. टिळकवाडीकडच्यांना व्हॅक्सिन डेपोचं मैदान आहे, किल्ल्याजवळच्यांना तलाव. मला सकाळी जमत नाही, मी जेवणानंतर दहा-दहा मिनिटं तीनदा गल्लीतच चालते. जेवणानंतर चाललं की साखर कमी उसळते, हे मी घरच्या मशीनवर तपासून बघितलंय.

पावसाळ्यात चार महिने इथे छत्री उलटी होते. तेव्हा घरातल्या जिन्यावर वर-खाली. आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम करा, बायकांनी तर नक्कीच: खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा दहा-दहाच्या तीन फेऱ्या, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या खांद्यावर उचलणं. वडगावात मागावर उभं राहणारे आणि निपाणीत दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाया, दोघांनाही 'कामच व्यायाम' वाटतं. वळणाऱ्या बाईचे फक्त हात हलतात. तिने तासाला एकदा उठून अंगणात पाच मिनिटं फिरावं.

मिश्री आणि तंबाखूचं इथेच सांगते. त्याने भूक मरते, आणि सोडल्यावर वजन थोडं वाढू शकतं, म्हणून बायका सोडायला घाबरतात. तरी सोडा. वजन नंतर उतरवता येतं. मिश्रीच्या जागी बडीशेप, लवंग तोंडात ठेवा, आणि त्या काळात तेल-साखरेची यादी जास्त कडक ठेवा.

काटा अडला तर

आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरणं ही चांगली चाल. तीन-चार महिन्यांनी काटा अडतो. माझा ७१ वर सात आठवडे अडला. शरीर हलकं झालं की त्याला लागतंही कमी. त्या वेळी टेप बघा. माझी कंबर तेवढ्यात दोन सेंटिमीटर उतरली होती. मग झोप बघा. रात्री साडेअकरापर्यंत लग्नसराईचे ब्लाऊज शिवत बसले की दुसऱ्या दिवशी भूक दुप्पट लागते. सात तास झोप आणि रात्रीचं जेवण साडेआठला, एवढं बदलल्यावर काटा हलला.

वजनाची इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडेही मिळायला लागली आहेत, सगळे विचारतात. ती डॉक्टरांनी तपासून द्यायची औषधं आहेत. ओळखीच्या माणसाकडून मागवून घेऊ नका.

ज्यांचं वजन कमी आहे

दुकानात अशाही मुली येतात ज्यांच्या लग्नाच्या ब्लाऊजला मला पॅड घालावे लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायका जास्त वजनाच्या निघाल्या, पण १८.७ टक्के कमी वजनाच्याही. कधी कधी दोघी एकाच घरात असतात, सासू आणि सून. काही न करता सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी घटलं तर आधी डॉक्टर: क्षय, मधुमेह, थायरॉइड. तसं काही नसेल तर तीनच्या जागी पाच वेळा खा. भाकरीवर लोणी, दुधात केळं, दोन अंडी, शेंगदाण्याची चटणी, जेवणाच्या आधी पाणी न पिता. आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायची सवय बंद. सुनेला सगळ्यांबरोबर बसवा.

उतरलेलं वजन चढायला लागतं ते गुपचूप. मी २ किलोची रेघ आखून घेतलीय. ६७ चे ६९ झाले की पुन्हा बाटली मोजायची, बटणं टाकायची. एक जुना निळा ब्लाऊजही त्यासाठी ठेवलाय, दोन्ही बाजूंनी आत घेऊन टाके मारलेला. आतली माया कापलेली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो घालून बघते. हुक लागायला ओढाताण झाली की त्या महिन्याच्या यादीत तेल अर्धा लिटर कमी लिहिते.